लहानपणी निमो पाहिला, आता त्याचा बाप दिसतोय

समुद्रमेथी

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण प्रस्तावना लांबणार. सांभाळून घ्या.

लेक साडेचार वर्षांची. सुट्टीला आम्ही दापोलीकडे माहेरी आलोय. पोरगी उठल्यापासून पुळणीवर. फ्रॉकच्या ओच्यात शंख-शिंपले गोळा करते आणि संध्याकाळी "ह्यांची आई वाट बघत असेल" म्हणून ते सगळे परत पाण्यात टाकून येते. म्हटलं, हिला 'फाइंडिंग निमो' हा माशांचा कार्टूनपट दाखवण्याचं हेच वय. मी तो पाहिला होता शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये. सरांनी कुठून तरी सीडी पैदा केली होती. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. तरी लक्षात राहिले ते सीगल, लाटांवर स्वार झालेली कासवं आणि "मासे खाणार नाही" अशी शपथ घेणारा शार्क.

लेकीला दाखवण्याआधी रात्री एकटीने बघायला घेतला आणि पाच मिनिटांत थांबवावा लागला. बाराकुडा हा शिकारी मासा येतो, निमोचा बाप मार्लिन आपटून बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येतो तेव्हा बायको नाही आणि चारशेच्या वर अंडी होती तिथे काही नाही. खाली एक अंडं उरलंय, तेही तडकलेलं. हा प्रसंग मला आठवतच नव्हता! माझ्या डोक्यातला सिनेमा निमो शाळेत जायला उड्या मारतो तिथून सुरू होत होता.

पुढचं तर आणखी वाईट. मार्लिन पोराला शाळेत पोचवताना जे जे बोलतो, त्यातलं निम्मं मी त्याच दिवशी पुळणीवर बोलले होते. लांब जाऊ नको, मी सांगितलं का जायला, तुला नाही जमायचं ते. शाळेत असताना मला तो बाप निव्वळ कटकट्या वाटला होता.

तर एक, लेकीला दाखवताना ती सुरुवात वगळावी का? आणि दुसरं, लहानपणचं एखादं कार्टून मोठेपणी बघताना तुम्हालाही असं कात्रीत सापडल्यासारखं झालंय का?

सोलकढी_थंड

वाचनखूण साठवली. घरी पोरं झोपली की सविस्तर लिहितो. तूर्त एवढंच, की आमच्याकडे 'निमो' चाळीस वेळा तरी झालाय आणि बायको मला मार्लिन म्हणते. कौतुकाने नाही म्हणत.

उगाच_वाद

लहान मुलांचं कार्टून आहे हो. मासा हरवला, बापाने शोधला, टाळ्या. तुम्ही लोक कुळथाच्या पिठीतही तत्त्वज्ञान शोधाल.

माजघर

@उगाच_वाद, कुळथाच्या पिठीत तत्त्वज्ञान आहेच. गुठळी झाली की कळतं.

निवृत्त_मास्तर

@उगाच_वाद, इथे थोडं थांबा. हा अर्थ प्रेक्षकांनी मागाहून चिकटवलेला नाही. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी स्वतःच सांगितलंय, की ते लहान मुलाला बागेत फिरायला घेऊन गेले आणि वाटभर "हे धरू नको, तिकडे जाऊ नको, पडशील" एवढंच बोलत राहिले. मुलासोबत वेळ घालवायला निघालेला बाप धास्तीपायी तोच वेळ घालवून बसला, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून ही गोष्ट उभी राहिली. सिनेमा २००३ चा. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, ते काही शार्कच्या दातांना नाही.

म्हणजे तो मुळात बापांसाठीच होता. पोरांना पुढे बसवलं, कारण तिकिटं तीच काढायला लावतात.

उगाच_वाद

बरं, स्टँटनसाहेबांचं मान्य. पण मग मला सांगा, मार्लिनचं चुकलं कुठे? चारशे पोरं गेली त्याची. एक उरलं, त्याचाही एक पर अधू. अशा माणसाला "मुलांना मोकळं सोडा" असं शिकवणारे कोण? तो क्रश कासव? त्याचं पोर प्रवाहाबाहेर भिरकावलं गेलं तरी म्हणतो, थांब, बघू काय करतोय. आमच्या वाडीत असं बोलला असता तर बायकांनी दारात उभा केला नसता.

सोलकढी_थंड

कधी नव्हे ते उगाच_वाद यांना अनुमोदन. दिनदर्शिकेवर खूण करून ठेवतो.

खाजणातला_बगळा

प्राणिशास्त्राचा आहे, राहवत नाही, म्हणून थोडं पाणी घालतो.

क्लाउनफिशच्या, म्हणजे निमोच्या जातीच्या माशांच्या घरात सर्वांत मोठी ती मादी. तिच्या खालोखाल एक नर, आणि बाकी छोटे मेंबर आपापल्या नंबरची वाट बघत. मादी गेली की तो नर काही काळाने स्वतःच मादी होतो आणि खालच्यातला मोठा त्याच्या जागी नर म्हणून येतो. थोडक्यात, बाराकुड्याच्या प्रसंगानंतर मार्लिनचं पुढे काय झालं असतं ते तुम्हीच समजून घ्या. डिस्नेवाल्यांनी ती भानगड टाळली ते बरं केलं.

मला मात्र दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अंडी सांभाळायचं काम खरोखरच बाप करतो. परांनी वारा घालतो, खराब अंडी काढून टाकतो, जवळ येणाऱ्याच्या अंगावर जातो. हे आठवडाभर, फार तर दहा दिवस. मग अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर पडतात आणि सरळ उघड्या समुद्रात वाहून जातात. कुठल्या तरी वेगळ्याच समुद्रफुलात ती घर करतात. बापाची आणि त्यांची ओळख म्हणून होत नाही. म्हणजे स्टँटनने जी भीती पडद्यावर आणली, ती त्या माशात नाहीच. ती अस्सल माणसाची आहे, माशाला फक्त नारिंगी रंग दिलाय.

@उगाच_वाद, क्रशचा मुद्दा तुम्ही अर्धा बरोबर मांडलात. कासवाला हे परवडतं, कारण मादी शंभरेक अंडी घालून, वाळू लोटून निघून जाते. वेळासला, आंजर्ल्याला जी ऑलिव्ह रिडले येतात, त्यांचं तेच. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात तेव्हा आई कुठल्या कुठे गेलेली असते. सिनेमातला क्रश पोराशेजारी पोहतो, हे दिग्दर्शकाने कासवांना दिलेलं बक्षीस म्हणा.

सोलकढी_थंड

हसून हसून पुरेवाट. म्हणजे शेवटी 'फाइंडिंग निमो'मध्ये निमो आईला भेटला असता. मार्लिनबाईंना.

पंचक्रोशी

विनोद राहू द्या बाजूला. आई चौथ्या मिनिटाला गेली, ह्यावर इथे एकानेही शब्द काढला नाही? ह्या कार्टूनवाल्यांना आयांचं एवढं वाकडं का आहे? आई जिवंत असली की गोष्ट पुढे सरकत नाही काय? बापाला पोराची काळजी वाटली की त्याचं महाकाव्य होतं, सातासमुद्रापार जातो, ऑस्कर मिळतं. आईने तीच काळजी केली की ती कटकट.

आमच्या बाबांची नोकरी मुंबईला. वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले चार दिवस एवढेच घरी. होडीतून शाळेला जाणाऱ्या आम्हा तिघांना आईने वाढवलं. पावसाळ्यात खाडी चढली की ती धक्क्यावर येऊन उभी राहायची, छत्री असूनही भिजलेली. आम्हाला लाज वाटायची, की सगळ्या पोरांत आमचीच आई येते. तिच्यावर सिनेमा काढा कोणीतरी.

समुद्रमेथी

@पंचक्रोशी, खरंय हो तुमचं. मीही मूळ पोस्टीत "त्याचा बाप" म्हटलं आणि मोकळी झाले. निमोच्या आईचं, कोरलचं नावसुद्धा लिहिलं नाही. आणि निमो हे नाव तर तिनेच सुचवलेलं. मार्लिन म्हणत होता, निम्म्यांना माझं नाव देऊ, निम्म्यांना तुझं.

हर्णैचा_खलाशी

इथे वाचत असतो, लिहितो क्वचित. ह्या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

वडील तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा आमची बोट बाहेर होती. तेव्हा आत्तासारखे अंदाज वेळेवर पोचत नव्हते, आणि वायरलेस किनाऱ्यापासून लांब गेलं की गप्प. बातम्यांत बेपत्ता बोटींचा आकडा रोज बदलत होता. आई दोन्ही वेळचा भात वाढून ताट झाकून ठेवायची आणि सकाळी कुत्र्याला घालायची. वडिलांनी देवगड बंदरात आसरा घेतला होता, पण हे घरी कळेपर्यंत जे काही झालं ते मी लिहीत नाही.

त्यानंतर त्यांनी मला बोटीवर घ्यायचं नाही असं ठरवलं. कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, तू शिक. मी भांडलो, बोललो नको ते, आणि कॉलेज अर्धवट टाकून दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलो. घरची बोट असताना. गावात काय बोलले असतील ते समजून घ्या.

आता निमोचं. पुतणीने मोबाईलवर लावला होता, म्हणून बघितला. शेवटी मोठं जाळं येतं आणि मार्लिनची सोबतीण, निळी मासोळी डोरी त्यात सापडते. निमो म्हणतो मी आत जातो, सगळ्यांना खाली पोहायला सांगतो. मार्लिन त्याला धरून ठेवतो. मग सोडतो. मी ते दोनदा मागे घेऊन बघितलं. मला वाटलं होतं तो पोराच्या मागून जाळ्यात जाईल. तो जात नाही. बाहेर राहतो आणि बाहेरून ओरडून सांगतो, ऐका त्याचं, खाली पोहा.

वडिलांना दाखवला. त्यांचं लक्ष भलतीकडेच. म्हणाले, विंच चुकीच्या बाजूला आहे.

निवृत्त_मास्तर

@हर्णैचा_खलाशी, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या पिढीचं कार्टून आठवलं. फिल्म्स डिव्हिजनचं 'एक अनेक और एकता', १९७४ चं. विजया मुळे यांनी केलेलं, चित्रं भीमसेन यांची. पुढे दूरदर्शनवर ते इतक्यांदा लागलं, की आजही कुणी "हिंद देश के निवासी" म्हटलं की पुढची ओळ आपोआप येते. त्यातही जाळंच आहे. पारधी जाळं टाकतो, पाखरं अडकतात, सगळी एकदम उडतात आणि जाळ्यासकट जातात. मग उंदीर जाळं कुरतडतात. वर्गात आम्ही ते 'एकीचं बळ' म्हणून शिकवलं, प्रश्नोत्तरं लिहून घेतली आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

मूळ गोष्ट पंचतंत्रातली, कबुतरांचा राजा चित्रग्रीव आणि हिरण्यक उंदीर यांची. निवृत्तीनंतर ती परत वाचली तेव्हा एक जागा नव्याने दिसली. उंदीर मित्र म्हणून आधी राजाचा पाश तोडायला जातो, तर राजा म्हणतो, माझा नंतर, आधी ह्यांचे तोड. शाळेत हे वाक्य आम्ही शिकवलंच नव्हतं, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न नसायचा.

आता दोन्ही जाळी शेजारी ठेवून बघा. पंचतंत्रात वडीलधारा सांगतो, धाकटे ऐकतात. इथे धाकटा सांगतो आणि वडीलधाऱ्याचं काम एवढंच, की इतरांनी त्याचं ऐकावं म्हणून आपला आवाज त्यात मिसळायचा. चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण हे मला वर्गात साधलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

वेंगुर्ल्याचो_झील

आमच्या घराक पण ताच चल्लाहा. बापाशीक वाटता झिलान मुंबयक जाऊन नोकरी करूची, झील म्हणता माका दर्योच व्हयो. ह्येच्यात मार्लिन कोण नि निमो कोण ता तुमीच ठरवा. तवसर मी रापणीक जाऊन येतंय.

सोलकढी_थंड

@वेंगुर्ल्याचो_झील, रापणीला काय लागलं ते पण कळवा. धागा भरकटला तरी चालेल.

वेंगुर्ल्याचो_झील

पेडवे. दुसरा काय.

खाजणातला_बगळा

@हर्णैचा_खलाशी, एक विचारायचं होतं. सिनेमात सगळे मासे एकदम खाली जोर लावतात आणि जाळ्याची दोरी तुटते. हे खरंच होऊ शकतं का?

हर्णैचा_खलाशी

@बगळा, मासे असे ठरवून खाली जात नाहीत. आवळलं की जिथे फट दिसेल तिथे धडका मारतात. पण वजनाचं म्हणाल तर ते खरं आहे. थवा मोठा लागला की जाळं खाली ओढतं, बोट त्या बाजूला कलते, विंच कण्हायला लागतं. मग तांडेलाने ठरवायचं, ओढायचं की सोडायचं. लाखांचं जाळं असतं. सोडणारा तांडेल मी बघितलाय. दुसऱ्या दिवशी मालकाच्या शिव्या खातानाही बघितलाय.

आता बोटीवर बहुतेक खलाशी नेपाळचे असतात, उत्तर प्रदेशाचे, झारखंडचे. आमच्या गावची पोरं येत नाहीत, त्यांच्या आयाबापांनी येऊ दिली नाहीत. त्या पोरांचे बाप हजार मैलांवर डोंगरात बसलेत, त्यांनी समुद्र बघितलेला पण नसतो. रात्री रेंज आली की एक जण फोनवर बापाला सांगत असतो, हो, हो, लाइफ जॅकेट घातलंय. घातलेलं नसतं.

माजघर

आता मी जरा डोरीबद्दल लिहू का? सगळे बाप-लेकात अडकलेत.

लहानपणी डोरी म्हणजे नुसतं हसू. सारखी विसरते, व्हेलची भाषा बोलते, निमोला भलत्याच नावाने हाक मारते. गेली काही वर्षं आजी आमच्याकडे आहे. तिचं गाव धोपाव्याजवळ. रोज संध्याकाळी विचारते, "दाभोळची होडी लागली का गं?" आता तिथे फेरीबोट चालते, गाड्या चढतात तिच्यात, आणि आम्ही राहतो चिपळुणात. आधी आम्ही समजावत बसायचो. होडी नाही गं आता, हे चिपळूण. की ती रडवेली व्हायची. मग धाकट्या भावाने शोध लावला. तो म्हणतो, "अजून नाही लागली, भरतीला लागेल." ती म्हणते, "बरं," आणि चहा घेते.

परवा त्याच भावाबरोबर निमो परत बघितला. मार्लिनला वाटतं निमो मेला, तो सगळं सोडून परत निघतो. डोरी त्याला थांबवते. म्हणते, तू जाऊ नकोस, तुझ्याबरोबर असले की मला गोष्टी आठवतात, तुझ्याकडे बघितलं की मी घरी असते. मला विसरायचं नाहीये. मार्लिन म्हणतो, मला मात्र विसरायचंय. आणि जातो.

भाऊ उठून मोरीत तोंड धुवायला गेला. मी टीव्ही बंद केला नाही. पाठीमागे आजी बसली होती, तिला तो निळा मासा फार आवडला.

पंचक्रोशी

@माजघर, काय लिहू. आजींना नमस्कार सांगा.

उगाच_वाद

@माजघर, मी इथे सहसा गंभीर होत नाही. व्हेलच्या पोटातला प्रसंग आठवतो का? मार्लिन म्हणतो, मी त्याला वचन दिलंय, तुला कधी काही होऊ देणार नाही. डोरी म्हणते, हे कसलं विचित्र वचन, काहीच होऊ दिलं नाहीस तर त्याच्या आयुष्यात काही होणारच नाही. ज्या बाईला मघाचं आठवत नाही तिच्या तोंडी ते वाक्य घातलंय. मी ते आजवर विनोद म्हणूनच ऐकत होतो.

बास. मी आता परत भांडायला लागतो.

सोलकढी_थंड

पोरं झोपली. कबूल केल्याप्रमाणे सविस्तर लिहितो, पण 'निमो'वर नाही, 'लायन किंग'वर. १९९४ चा. लहानपणी त्यातलं "काळजी सोड, मजा कर" हे जाम आवडायचं. रानडुक्कर, मुंगूस आणि सिंहाचा छावा सिंबा जंगलात किडे खात नाचतात तो भाग. आता बघताना ताण येतो. काका स्कार राज्य बळकावून बसलाय, जमीन ओसाड पडलीय, आई एकटी तिकडे झगडतेय आणि हा पठ्ठ्या परगावी मजेत. कोणी न्यायला येईपर्यंत परत फिरत नाही. हीच केस कोकणात झाली असती तर स्कारने सातबाऱ्यावर नाव चढवून घेतलं असतं आणि सिंबाची नातवंडं अजून कोर्टाच्या तारखा घेत बसली असती.

माझे स्वतःचे काका वाचत असतील तर हलके घ्या.

निवृत्त_मास्तर

मुंगूस नाही, तो मीरकॅट. मुंगसाच्या कुळातलाच म्हणा, म्हणून अर्धे गुण.

पंचक्रोशी

आणि मुळात तिथे बाप मेला तेव्हा आई जिवंत होती, ह्याची नोंद घेतली आहे. कामाला काही लावलं नाही तिला, पण जिवंत होती.

खाजणातला_बगळा

धागाकर्तीचा मूळ प्रश्न कोणी वाचला का? सुरुवातीचा प्रसंग वगळावा की नाही?

माझं मत, वगळू नये. तो काढला तर मार्लिन खरंच कटकट्याच उरतो. मग पुढच्या दीड तासात तो बदलला ह्याला काही अर्थ नाही. शिवाय दिग्दर्शकाने बाराकुडा झडप घालतो आणि लगेच काळोख केलाय, रक्ताचा थेंब दाखवलेला नाही. मुलांना तेवढं पेलतं. आपल्याला नाही पेलत.

माजघर

सहमत. पण पहिल्यांदा दाखवताना शेजारी बसा. आणि भरल्या पोटी दाखवा.

उगाच_वाद

असहमत. साडेचार वर्षांचं पोर ते. दोन वर्षं थांबा, काय घाई आहे? मासे कुठे पळून चाललेत?

समुद्रमेथी

सगळ्यांचे आभार, एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं. @हर्णैचा_खलाशी, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिचा भाऊ फयानमध्ये बाहेर होता. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तुमच्या आईची चौकशी केली. बऱ्या आहेत ना?

काल दाखवला, सुरुवातीसकट. बाराकुडा आला तेव्हा मी तिचा हात घट्ट धरून बसले होते. ती म्हणाली, आई, हात सोड ना, दुखतोय. कोरल गेल्याचं तिला कळलं का, विचारलं. तर म्हणे, हो, मोठ्या माशाने खाल्ली. पुढे? आणि बघत राहिली. क्रशचं पोर प्रवाहाबाहेर गेलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. जाळ्याच्या प्रसंगात मी रडले, तिने माझ्याकडे जरा दयेने बघितलं.

ती रडली ती अगदी शेवटी, जिथे मी हसत होते. दंतवैद्याच्या टाकीतले मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून निसटून समुद्रात पोचतात, तरंगत राहतात आणि एक जण विचारतो, आता काय? सिनेमा संपतो. तर हिचा आक्रोश, की ते पिशवीतून बाहेर कसे येणार? त्यांना कोण सोडवणार? रात्री झोपेना. सकाळी उठल्या उठल्या तोच प्रश्न. आज पुळणीवर दिसेल ती पिशवी उलटी करून बघत होती. आता ह्यावर मला उत्तर द्या. आई-बाप, जाळी, पंचतंत्र सगळं राहू दे.

हर्णैचा_खलाशी

आई बरी आहे, धन्यवाद. तुमच्या आईला नमस्कार. मामा आले ना परत?

समुद्रमेथी

आले. अजून जातात बोटीवर. आत्ता मासेमारीची बंदी लागायच्या आधीची शेवटची फेरी चालू आहे, १ जूनला बोट वर ओढतील, मग ३१ जुलैपर्यंत घरात बसून सगळ्यांना पिडतील.

सोलकढी_थंड

पिशव्यांचं सोपं आहे. त्यांच्यात तो फुगणारा, काटेवाला मासा आहे ना? तो फुगला की पिशवी फाटणार. तो सुटला की बाकीच्यांच्या फाडेल. लेकीला सांगा, काळजी नसावी.

उगाच_वाद

नाही होत तसं. २०१६ च्या दुसऱ्या भागात, 'फाइंडिंग डोरी'त, अगदी शेवटी तीच मंडळी कॅलिफोर्नियाला पोचलेली दाखवलीत. पिशव्यांवर शेवाळ चढलंय तरी आतच आहेत. लेकीला तो दाखवू नका एवढ्यात.

समुद्रमेथी

अरे देवा.

हर्णैचा_खलाशी

तो फुगणारा म्हणजे आमचा केंड. आमची जाळी कोण फाडतं असं वाटतं तुम्हाला? काटे सोडा, त्याचे दात बघा. नायलॉनचं जाळं कातरतो, पिशवी काय चीज आहे. सिनेमावाल्यांनी केंड नुसता चित्रात बघितला असणार. मुलीला सांगा, हर्णैच्या खलाशाने सांगितलंय, पहिल्याच दिवशी फाडली पिशवी.

समुद्रमेथी

सांगितलं. म्हणते, त्या काकांना विचार, मग केंड बाकीच्यांना सोडवायला थांबला की एकटाच गेला?

हर्णैचा_खलाशी

थांबला. आमच्या जाळ्यातून एकटा गेलेला केंड मी तरी बघितला नाही. जातो तेव्हा बांगडे पण घेऊन जातो.